जिन्यातली सभा

आमच्या आरोग्य केंद्रासमोर चार इमारती आहेत. चारही एकाच साच्यातून काढल्यासारख्या, चार-चार मजली, आणि लिफ्ट एकीलाही नाही. या चारही इमारतींचे जिने गेली सव्वीस वर्षं एकच बाई पुसते. तिला सगळे जिनेमावशी म्हणतात. तिचं खरं नाव आमच्या केस पेपरवर आहे, पण त्या नावानं पुकारलं तर ती स्वतःच मागे वळून बघते, कुणाला बोलावलं म्हणून.

मी त्या केंद्रात कारकून आहे. नाव नोंदवणं, फायली ठेवणं, पत्रं लिहिणं ही माझी कामं. सकाळी कुलूप उघडताना मी देवाचं नाव घेते आणि मग दिवसभर माणसांची नावं लिहीत बसते. त्यामुळे मला वाटायचं, या भागातली झाडून सगळी माणसं मला माहीत आहेत. तसं नव्हतं. मला फक्त खाली उतरणारी माणसं माहीत होती.

एका जिन्याला ब्याऐंशी पायऱ्या. जिनेमावशी सांगते, ऐंशी पुरल्या असत्या, बांधणाऱ्यानं दोन वर का टाकल्या ते त्यालाच ठाऊक. ती रिकामी बादली घेऊन चौथ्या मजल्यावर जाते, तिथल्या एका ठरलेल्या घरातून पाणी भरून घेते, त्यात फिनेल टाकते आणि एकेक पायरी पुसत खाली येते. पुसताना ओठ हलत असतात. एकदा मी विचारलं, काय पुटपुटता मावशी? तर म्हणाली, "मला पूजाअर्चेला वेळ कुठला ताई? एका पायरीला एक नाव घेते. मोजणीही होते आणि नामस्मरणही होतं. देवाला चालतं. त्याला काय फिनेलचा वास नवा आहे?"

कामाला लागली तेव्हा नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि मुलगी मांडीवर होती. नवरा तिथेच पाण्याच्या पंपावर होता, म्हणून पंपाच्या मागची खोली सोसायटीनं काढून घेतली नाही, आणि त्या बदल्यात जिने गळ्यात पडले. तिला जिना कसा पुसतात हेही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती तिसऱ्या इमारतीत खालून वर पुसत निघाली. चौथ्या मजल्यावरून एक बाई कठड्यावर वाकून ओरडली, "अगं ए, खालून वर पुसतेस, मग उतरणार कुठून? स्वतःच्याच पावलांनी घाण करणार का? वरून खाली पूस!"

हिनं खालूनच उत्तर दिलं, "मग पाणीपण वरूनच द्या. बादली भरून चार मजले कोण चढणार?"

 मग त्या बाईनं म्हटलं, "ये."

ती बाई म्हणजे शिवणकाकू. चौथ्या मजल्यावर डाव्या हाताला त्यांचं घर. आख्ख्या वस्तीचे कपडे त्या शिवायच्या. शाळेच्या गणवेशापासून नव्या नवरीच्या पोलक्यापर्यंत सगळं. तोंडानं फटकळ, पण हात असा की उसवलेलं शिवून दिलं तर कुठे उसवलं होतं ते सापडायचं नाही. त्या दिवसापासून मावशीचं तिसऱ्या इमारतीचं पाणी शिवणकाकूंच्या नळाचं. सव्वीस वर्षांत दोघी एकमेकींकडे बसून कधी चहा प्यायल्या नसतील. बोलणं सगळं दारात, बादली भरेपर्यंत. पण रोज एक बादली धरली तरी सव्वीस वर्षांत किती बोलणं झालं असेल!

मागच्या वर्षी शिवणकाकूंना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, घरातल्या घरात काठी धरून चालता येऊ लागलं. उजवा हात मात्र तसाच राहिला, मूठ वळलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला नीट शिकलेल्या माणसाकडून व्यायाम मिळाला तर वर्षाच्या आत सुधारणा होईल, त्यानंतर फारशी आशा धरू नका. व्यायामाला एकदा त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेलं. परत आल्यावर काकू म्हणाल्या, "पुरे झालं. चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, आणि त्यावेळी लाज वाटायला आपण नसतो." पुन्हा त्या उतरल्या नाहीत. शेजारी राहणारी भाची दोन वेळचं करून ठेवते आणि कामाला जाते. झटक्याला आठ महिने होत आले होते, आणि त्या एका फेरीखेरीज काकूंनी रस्ता पाहिलेला नव्हता. उरले चार.

हे सगळं तेव्हा मला माहीत नव्हतं. मावशीला माहीत होतं, कारण बादलीसाठी दार वाजवल्यावर ते उघडायला किती वेळ लागतो, हे ती रोज बघत होती.

अशात आमच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं. घरोघरी जाऊन व्यायाम देणारी एक फिजिओथेरपिस्ट नेमायची होती. पद एक आणि मागणारी केंद्रं दोन, आमचं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की जे लोक केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत त्यांच्याशी सल्लामसलत करून, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घेऊन, महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत अहवाल पाठवावा.

आमचे साहेब मनानं चांगले. दांडी मारत नाहीत, कुणावर ओरडत नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सभा घेऊ. नोटीस लावा." मी नोटीस लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची. 'जे नागरिक काही कारणाने केंद्रात येऊ शकत नाहीत त्यांनी शनिवारी दुपारी चार वाजता केंद्राच्या सभागृहात उपस्थित राहावे.' सुवाच्य अक्षरात लिहिली आणि केंद्राच्या दारावर चिकटवली. त्यात काही चुकतंय असं त्या दिवशी ना साहेबांना वाटलं, ना मला.

साठ खुर्च्या मांडल्या. आले चौदा जण. त्यातले पाच आमचेच. उरलेले नऊ ठणठणीत, रोज पहाटे फिरायला जाणारे. भटक्या कुत्र्यांवर वीस मिनिटं बोलणं झालं, गाड्या कुठेही लावतात यावर अर्धा तास. एक गृहस्थ प्रत्येक सभेला येतात आणि प्रत्येक वेळी तेच विचारतात, की मागच्या सभेचं काय झालं. शेवटी साहेबांनी वहीत लिहिलं, 'घरपोच व्यायामसेवेची मागणी आढळली नाही.'

जिनेमावशी समोरून खुर्च्या आवरायला मदतीला आली होती. एकात एक खुर्ची घालता घालता म्हणाली, "कोण आलं नाही म्हणता साहेब?"

"ज्यांच्यासाठी सभा होती तेच नाही आले बघा मावशी."

"ते कसे येतील? ते उतरू शकले असते तर तुम्हाला त्यांच्यासाठी सभा कशाला घ्यावी लागली असती?"

साहेब हसले. मी हसले नाही. मला माझी नोटीस आठवली.

सोमवारी मी साहेबांना म्हटलं, मी दारोदार जाते. ते म्हणाले, जा, पण अहवाल पुढच्या सोमवारी गेलाच पाहिजे. मी फॉर्म छापून घेतले. पहिलाच प्रश्न होता, 'आपणांस घरपोच सेवेची गरज आहे काय?' समोर दोन चौकोन, होय आणि नाही. मावशीनं मला चारही इमारतींतली दारं सांगितली. एकूण बावीस. यादी नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. "दुसऱ्या इमारतीत तिसऱ्यावर उजवीकडे. दाराबाहेरच्या चपला बघा. वर्षभर मी त्या उचलते, खालची फरशी पुसते, परत ठेवते. कुणी पायात घातल्या तर तोंड फिरलेलं दिसतं. त्यांचं तोंड फिरत नाही."

तीन दुपारी मी चढले आणि उतरले. पाय भरून आले. आणि काय झालं? बावीस दारं आणि बावीस वेळा 'नाही'.

तिसऱ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक पोस्टमनकाका राहतात. निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने चढून खुब्याचं हाड मोडून बसलेले. ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय? वर चौथ्या मजल्यावर जा, शिवणकाकूंकडे. त्यांचा हात गेलाय बिचारीचा."

पहिल्या मजल्यावर जुळ्यांची आई. तिची पाठ इतकी धरलेली की एक मूल उचलताना दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरत होती. ती म्हणाली, "माझं काय मेलं दुखणं! पोस्टमनकाकांना बघा, त्यांना गरज आहे."

आणि चौथ्या मजल्यावर शिवणकाकूंनी दार अर्धंच उघडलं. अर्ध्या दारातून अर्धाच चेहरा. "माझं छान चाललंय. खाली ती जुळ्यांची आई आहे, पोरगी पाठीतून वाकलीय, तिचं बघा. आणि तुमच्या ब्लाउजचा खांदा उतरलाय, कुणी शिवला?" दार बंद.

गुरुवारी संध्याकाळी ते बावीस फॉर्म मी साहेबांपुढे ठेवले. त्यांनी चाळले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण त्यांच्या हातात कागद होता आणि कागदावर 'नाही' होतं. म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, मी काय लिहू? लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घ्या म्हणतात. हे त्यांचेच शब्द."

मी बाहेर आले तर मावशी तिसऱ्या इमारतीच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. काम संपवून ती कधी बसत नाही. मी सगळं सांगितलं. माझा आवाज जरा चढला होता, म्हणजे राग माझा मलाच आला होता. "मावशी, मी मुळात विचारायला गेले ना! बोलायला काय झालं होतं त्यांना? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या काकूंची मूठ उघडतच नाही, हे त्यांना कळत नाही का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मावशीनं शेजारची जागा फडक्यानं पुसली. मग म्हणाली, "बसा."

मी पायरीवर बसले. पायरी अजून ओलसर होती.

"ताई, तुम्ही दारात कागद घेऊन उभं राहून विचारलंत, मदत हवी का. मला कुणी असं विचारलं तर मीपण म्हणेन, नको, मजेत आहे. माझे गुडघे रोज संध्याकाळी टरबुजासारखे होतात, पण मी म्हणेन, मजेत आहे. कोण सांगणार, की मी आता कुणाच्या उपयोगाची राहिले नाही, या, माझं करा?"

"मग विचारायचं तरी कसं?"

"त्यांनाच विचारायचं की, काय करू. माझ्याकडे बघा. सव्वीस वर्षं मी काकूंना कधी कसली मदत विचारली नाही आणि दिलीपण नाही. पहिल्या दिवशी ती वरून ओरडली, असं नको, तसं पूस. मी म्हटलं, बरं. तिनं शहाणपण दिलं, मी घेतलं, मग तिचा नळ माझा झाला. माणसाला मदत घ्यायची लाज वाटते. सल्ला द्यायची लाज वाटलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही."

 पत्रातला 'सल्लामसलत' हा शब्द मी दहा वेळा वाचला होता, टाइपही केला होता. सल्ला घ्यायचा तर तो घ्यायला आपण गरजू होऊन जावं लागतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही द्यायला गेलो होतो.

"पण आता उशीर झाला," मी म्हटलं. "परत दारोदार गेले तर म्हणतील, ही बाई परवाच येऊन गेली."

"दारोदार नकोच. दारात चार माणसं आली की काकूला वाटतं आपण आजारी. त्यापेक्षा तिनं आपल्या दारातून चार माणसांना सुनवावं. मग ती काय आजारी राहते? ती सभेची अध्यक्ष!" मावशी उठली आणि जिन्याच्या मधल्या पोकळीत मान वर करून उभी राहिली. "इथं बघा. वर कुणी भांडी आपटली तरी खाली कळतं. मला सगळ्या घरांचं सगळं ऐकू येतं, सव्वीस वर्षं ऐकतेय. तुमची सभा इथं घ्या. ज्यानं त्यानं आपल्या उंबरठ्यावर खुर्ची टाकून बसायचं. कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. साहेबांनी तेवढं चढायचं."

शुक्रवारी सकाळी मी साहेबांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, "जिन्यात सभा? नियमात कुठे आहे?"

"नियमात नाही असंही कुठे नाही, साहेब."

"उद्या वरून विचारलं तर?"

"तर सांगा, उंटावरून शेळ्या हाकायच्या नव्हत्या म्हणून उतरलो. म्हणजे, चढलो."

साहेब आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाले, "कितव्या मजल्यापर्यंत?"

शनिवारी अकराला सभा ठरली. आदल्या दिवशी मावशीनं दारोदार निरोप दिला, तोही तिच्या पद्धतीनं. पोस्टमनकाकांना म्हणाली, साहेबांना जिन्यातलं काही कळत नाही, तुम्ही हजारो जिने चढलात, जरा समजावा. जुळ्यांच्या आईला म्हणाली, पोरांना घेऊनच बस, रडली तर रडू देत, साहेबांनाही कळू दे. शिवणकाकूंना काय म्हणाली ते मला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मी देवापुढे जरा जास्त वेळ उभी राहिले. मागायची सवय नाही मला. तरी म्हटलं, आज त्या बाईला बोलू दे.

साहेब दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आले आणि कठडा धरून उभे राहिले. श्वास लागला होता. मावशीनं स्टूल पुढे केलं. "हळू साहेब. एका पायरीला एक नाव घ्यायचं, दम लागत नाही."

"कुणाचं नाव?"

"ज्याचं पटेल त्याचं. मुख्य कार्यालयाचं घेऊ नका म्हणजे झालं."

खालीवर हशा पिकला. तेव्हा कळलं, की दारं उघडलेली आहेत आणि माणसं बसलेली आहेत. वर बघितलं तर कठड्यांमधून गुडघे दिसत होते, खुर्च्यांचे पाय दिसत होते, एका चिमुकल्या पावलात मोजा होता आणि दुसऱ्यात नव्हता. चौथ्या मजल्यावरचं फक्त एक दार दिसत होतं, निम्मं उघडं.

मी आदल्या संध्याकाळी मावशीकडून घोटून घेतलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं. "ज्यांना हा जिना उतरता येत नाही, त्यांच्यासाठी केंद्रानं कसं वागावं, याचा आम्हाला तुमच्याकडून सल्ला हवा आहे."

 खाली कुणीतरी नळ सोडला होता तेवढा आवाज.

मग पोस्टमनकाका खाकरले. "पहिला सल्ला, जिना आडवा करा."

"झालं, यांचं सुरू झालं!" वरून शिवणकाकूंचा आवाज आला. "अहो, माणसं कामाचं विचारायला आलीत."

"कामाचंच सांगतोय काकू. मी तीस वर्षं चढलो. चढताना दुखत नाही, उतरताना खुबा बोलतो. म्हणजे बोलत असेल. कुणाचाही. म्हणून माणूस पाठवायचा तर औषध घेऊन पाठवू नका. चालायला शिकवणारा पाठवा."

साहेबांनी लिहून घेतलं. जुळ्यांची आई खालून म्हणाली, तिच्या ओळखीच्या एका बाईची पाठ धरलीय, तिला व्यायाम दाखवायला कुणी आलं तर मुलं झोपलेली असताना यावं, म्हणजे एक ते तीन. "ओळखीची बाई कोण गं?" असं पोस्टमनकाकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आहे एक. रोज आरशात भेटते." पुन्हा हशा. मग मात्र एकेक जण बोलू लागला. आधी दुसऱ्याचं सांगायचं आणि सांगता सांगता स्वतःवर यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर एवढं सांगितलं, की त्यांच्या सुनेनं आतून म्हटलं, "मामंजी, हे आम्हाला कधी बोलला नाहीत!" ते म्हणाले, "तू कधी सल्ला विचारलास?"

चौथा मजला मात्र दुसऱ्यांना दटावण्यापलीकडे काही बोलत नव्हता. अर्धा तास होत आला. साहेबांना चांगलं वाटत होतं, जोर आला होता. त्यांनी मान वर केली आणि उत्साहात विचारलं, "आणि वरच्या बाई, तुमचं काय? तुम्हाला गरज आहे का?"

मी डोळे मिटून घेतले. तोच प्रश्न. फॉर्ममधला.

वर खुर्ची सरकली. काठी टेकल्याचा आवाज आला. निम्मं उघडं दार आणखी निम्मं झालं. काय झालं ते साहेबांना कळलंही नाही, ते पेन धरून वर बघत होते. माझ्या डोक्यात सोमवार आला, अहवाल आला, ते उरलेले चार महिने आले. हाक मारावीशी वाटली, पण काय हाक मारणार? पुन्हा विनंती केली असती तर दार पूर्ण लागलं असतं.

मावशी तिसऱ्याच्या वळणावर उभी होती. ती वर गेली नाही. जिथं होती तिथूनच, रोज पाणी मागावं तशा आवाजात म्हणाली, "काकू, साहेब चुकून भलतंच बोलले. त्यांना जिन्याचा सराव नाही. त्यांना एवढंच कळत नाहीय, की ती व्यायामवाली बाई आलीच, तर तिनं यावं कधी? सकाळी नऊला पाठवतो म्हणतात."

वर काठी पुन्हा फरशीवर टेकली.

"नऊला?" वरून आवाज आला. "नऊला कशाला? अक्कल आहे का? नऊला हात लाकडासारखा असतो!"

साहेबांचं पेन वहीवर टेकलं.

"अकरानंतर यावं. अकराला माझ्या खिडकीत ऊन येतं. ऊन अंगावर घेतलं की बोटं जरा ऐकतात. अंगठा ऐकतो, मधली दोन ऐकत नाहीत. आणि तिला सांगा, घाईनं ओढायचं नाही. त्या दवाखान्यातल्यानं ओढलं होतं, आठ दिवस मला झोप नव्हती. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. ज्याला मुंगीबरोबर चालता येत नाही त्यानं ब्याऐंशी पायऱ्या चढूच नये." त्या थांबल्या. आवाज खाली आला, तरी जिन्यात तो स्वच्छ ऐकू येत होता. "आणि लवकर यावं. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं. आठ महिने झाले."

आठ महिन्यांत त्या हाताबद्दल त्या स्वतःहून पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि तेही सगळ्या इमारतीसमोर. साहेबांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं, मुंगीसकट.

सोमवारी अहवाल गेला. त्यात एकही चौकोन नव्हता. इमारत, मजला आणि त्या माणसाचे शब्द, एवढंच. इतर तीन इमारतींत सभा घ्यायला वेळ उरला नव्हता, तेही साहेबांनी प्रांजळपणे लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पद एकच होतं, ते दोन्ही केंद्रांत वाटून दिलं. आम्हाला आठवड्यातून एक दिवस, मंगळवार. पूर्ण पद मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण आम्ही तक्रार केली नाही. दुसऱ्या केंद्रातल्या कारकूनबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही जिन्यात सभा घेतलीत म्हणे. आमच्याकडे सगळी बैठी घरं, अरुंद गल्ल्या. आम्ही काय करायचं?" मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, गल्ली कोण झाडतं ते बघा. आणि त्याला विचारा."

पहिल्या मंगळवारी मी त्या मुलीबरोबर वर गेले. फिजिओथेरपिस्ट म्हणजे अगदी पोरसवदा, नुकतीच शिकून आलेली, खांद्याला पिशवी. सव्वाअकरा झाले होते. मावशी दारात बादली घेऊन उभी होती. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, उन्हात. त्यांनी मुलीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बाहीची शिवण उसवलीय तुझी."

मुलगी गोंधळली. "हो का? बसमध्ये अडकली असेल."

"बसमध्ये नाही. दोरा हलका वापरलाय. पुढच्या मंगळवारी सुईदोरा घेऊन ये, मी सांगते तसा टाका घाल. सांगेन मी, घालायचा तू."

"येईन," मुलगी म्हणाली. ती जवळ स्टूलवर बसली आणि तिनं हात पुढे केला, पण ओढला नाही. तळवा उघडा ठेवून थांबून राहिली. कुणीतरी तिला मुंगीचं सांगितलं असावं. किंवा तिनं अहवाल वाचला असेल.

काकूंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. "हा घे," म्हणाल्या. "बघ काय होतंय."

मुलीनं अंगठ्यापासून सुरुवात केली. काकूंनी दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागे घेतला नाही.

मी मावशीकडे बघितलं. ती आमच्याकडे पाठ करून दाराची कडी फडक्यानं पुसत होती. कडी स्वच्छच होती. काकूंना मोकळेपणानं कण्हता यावं म्हणून ती तशीच पाठ करून बराच वेळ पुसत राहिली.